शकुंतलेचं स्टेशन १:४८ मध्ये

शकुंतला ही वऱ्हाडातली नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, आणि इथे तिच्या स्टेशनचं मॉडेल करायचं आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर. शकुंतलेच्या या दोन्ही फाट्यांचं गेज (दोन रुळांमधलं अंतर) अडीच फुटांचं, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुलगाव-आर्वीचंही तेच. मॉडेलसाठी किट शोधणाऱ्यानं हा आकडा आधी पाठ करावा. इमारत कितीही देखणी असो, ७६२ ला कोणता तयार रूळ जुळतो यावरच पुढचं सगळं ठरतं.

बहुतेकांचं काम उलट्या टोकानं सुरू होतं. फालर किंवा वॉल्थर्स या परदेशी मॉडेल कंपन्यांचं स्टेशन मागवलं जातं, ते एचओ म्हणजे १:८७ चं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं निघतं, मग त्याच्यापुढे १६.५ मिमीचा रूळ पडतो. १:८७ मध्ये १६.५ मिमी म्हणजे प्रत्यक्षात १४३५ मिमी, युरोप-अमेरिकेचं स्टँडर्ड गेज. ते आपलं ब्रॉडगेजही नाही आणि शकुंतलाही नाही. आपल्या १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजला १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिमीचा रूळ लागेल, तो दुकानात भेटत नाही.

नॅरोगेजवाल्यांचं मात्र बरं आहे. ७६२ ला ४८ नं भागा, १५.९ येतात. म्हणजे तोच एचओचा १६.५ मिमी रूळ १:४८ च्या डब्याखाली टाकला तर चूक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. या जोडीला ओएन३० म्हणतात. दुसरा मार्ग एचओईचा: इमारत १:८७, रूळ ९ मिमीचा एन गेजवाला, कारण ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.८. जागा एका टेबलाएवढीच असेल तर एचओई घ्या. नाहीतर माझं मत १:४८ ला. या मापात एक फूट ६.३५ मिमी होतो आणि विटेचा एक थर १.६ मिमी, म्हणजे साध्या डोळ्यांना दिसतो आणि साध्या हातांना कापता येतो. १:८७ मध्ये तोच थर ०.९ मिमीचा होतो. खेड्यात काम करायचं, भिंगाचा दिवा नाही, त्यात दुपारी लाइन जाणार. मोठं माप परवडतं.

आता परदेशी इमारतीच्या किटमधलं आपल्या कामाचं काय? कुंड्या, पन्हाळी, घड्याळ, बाक, काही खिडक्या. भिंती आणि छप्पर नाही. त्या किटचं छप्पर बर्फ घसरावा म्हणून उभ्या उताराचं असतं, भिंती लाकडी फळ्यांच्या आणि जेमतेम दीड मिमी जाड. तपकिरी रंग मारून आणि यवतमाळ फाट्यावरच्या 'दारव्हा' स्टेशनची पाटी लावून ते दारव्हा होत नाही. वऱ्हाडातल्या जुन्या रेल्वे इमारतीची ओळख तीन गोष्टींत आहे: जाड भिंतीत आत खोल बसलेलं दार, पुढची पडवी आणि जमिनीपासून वर उचललेलं जोतं. ही तीन जमली तर रंग थोडा चुकला तरी चालतो.

म्हणून इमारतीचे भाग इथेच कापून घ्यायचे आणि चाकं, बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा), कपलिंग, रूळ एवढंच बाहेरून मागवायचं, हा हिशेब सगळ्यात सरळ.

मापं घ्यायची रीत अशी. एक मीटर लांबीची लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरे पट्टे ओढा आणि ती भिंतीला टेकवून उभी करा. फोटो भिंतीच्या बरोबर समोरून, लांब उभं राहून, झूम करून काढा. जवळून रुंद लेन्सनं काढलेल्या फोटोत भिंतीचे कोपरे वाकतात आणि त्यावरून काढलेलं माप कडेला खोटं ठरतं. पट्टी विसरली तर विटा मोजा: गिलावा पडलेल्या जागी चार थर म्हणजे साधारण एक फूट. गाडी बंद असली तरी जागा रेल्वेची आहे, आधी विचारून आत जावं. डबे आणि इंजिनं जवळून पाहायची तर नागपूरच्या मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासून. बोगीचा खालचा भाग फोटोत कधीच नीट येत नाही, तो तिथे वाकून पाहावा.

उदाहरणाला एक साधी इमारत धरू. दोन खोल्या मिळून ३० फूट लांब, १२ फूट रुंद, वळचणीपर्यंत ११ फूट उंच, पुढे ७ फुटांची पडवी. १:४८ मध्ये १९०.५ × ७६ × ७० मिमी, पडवी ४४.५ मिमी. दार सात फूट बाय साडेतीन, म्हणजे ४४.५ × २२ मिमी. भिंत दीड विटेची, साडेतेरा इंच. ती ७ मिमी भरते. इथेच खरी मेख आहे. ७ मिमीची भिंत एका जाड तुकड्यातून कापू नका. बाहेरचा थर २ मिमी, मधला ३, आतला २ अशी तीन थरांची करा. मधल्या थरात दार-खिडकीचं भोक दोन्ही बाजूंनी १ मिमी मोठं ठेवायचं म्हणजे चौकट त्या खाचेत आपोआप बसते आणि बाहेरून २ मिमी आत दिसते. अजून खोल हवी असेल तर बाहेर ३ आणि मधे २ करा, पण मग पुढची गोष्ट ध्यानात ठेवा: २-३-२ मध्ये दोन्ही बाजू सारख्या असल्यानं डिंक सुकताना दोन्हीकडून सारखी ओढ बसते आणि भिंत सरळ राहते. ३-२-२ ओढीनं वाकते, तिला रात्रभर काचेवर ठेवून वर चार विटांचं वजन द्यावं लागतं.

एकूण तुकडे: चार भिंतींचे तीन-तीन थर म्हणजे १२, मधली आडभिंत १, छपराचे पाये ३ (दोन उतार आणि पडवी), जोतं १, पडवीचे खांब ५. दार-खिडक्यांच्या चौकटी वेगळ्या, त्या १ मिमीच्या जाड आयव्हरी कार्डातून. जोतं आणि चौकटी सोडून बाकी सगळं १ फूट बाय २ फुटांच्या २ मिमी आणि ३ मिमी एमडीएफच्या एकेका शीटमध्ये आरामात बसतं.

अमरावती, अकोला, यवतमाळला नेमप्लेट आणि अॅक्रिलिकची अक्षरं करणाऱ्यांकडे लेझर मशीन असते. त्यांना डीएक्सएफ फाइल (कॉम्प्युटरवर काढलेला रेघांचा नकाशा) द्या. दोन गोष्टी आधी सांभाळा. २ मिमी म्हणून विकलेलं एमडीएफ १.८ पासून २.२ पर्यंत काहीही भरतं, म्हणून शीट हातात घेऊन कॅलिपरनं मोजा आणि मगच खाचांची मापं पक्की करा. दुसरं, लेझर स्वतः ०.१५ ते ०.२ मिमी माल खातो. खाच २ मिमीची आणि जीभ २ मिमीची काढली तर जोड सैल बसतो. खाच १.८५ ची काढा, आधी एक खाच-जीभ कापून पाहा, नंतर पूर्ण शीट.

सनबोर्ड मात्र लेझरला देऊ नका. फ्लेक्सवाल्यांकडचा सनबोर्ड हा पीव्हीसीचा फेस असतो. लेझरखाली त्यातून क्लोरीनचा आम्लधर्मी वायू निघतो, माणसाला वाईट आणि मशीनलाही, तिचे आरसे नि पट्ट्या गंजतात. जाणता मशीनवाला स्वतःच नाही म्हणतो. सनबोर्ड हातानं कापायला उत्तम आहे, जोत्यासाठी आणि प्लॅटफॉर्मसाठी तोच वापरा. कापायला मेडिकलमधून ११ नंबरचं सर्जिकल ब्लेड आणि ३ नंबरचा दांडा आणावा. ते स्टेशनरीतल्या कटरपेक्षा बारीक चालतं. एका दमात कापायचं नाही, हलक्या हातानं चार-पाच फेऱ्या.

लेझरनं कापलेल्या कडा कोळशासारख्या काळ्या असतात. त्यावर सरळ पांढरा रंग मारला तर आठ दिवसांत तपकिरी डाग वर येतो. आधी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरनं कडा घासा, मग फेविकॉलमध्ये तेवढंच पाणी घालून एक हात द्या, सुकू द्या, पुन्हा घासा. हा हात आतून-बाहेरून दोन्हीकडे द्यायचा. एकाच बाजूला दिला की भिंत पापडासारखी वळते. नंतर गिलाव्यासाठी वॉल पुट्टी दुधाएवढी पातळ करून ब्रशनं टोचत लावा, ओढत नाही. विटांच्या रेघा पूर्ण भिंतीवर कोरून घेण्याचा मोह आवरा. या इमारतींना गिलावा आणि चुना असतो. विटा दिसतात त्या पोपडे पडलेल्या कोपऱ्यात, पन्हाळीखाली आणि जोत्याजवळ. तेवढ्याच जागी कोरा.

काचांबद्दल. खिडकीला जुन्या एक्स-रेची धुतलेली फिल्म किंवा ओएचपी शीट चालते, पण ती फेविक्विकनं चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते, आणि हवेत दमटपणा असला की जास्त. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते म्हणून माणूस निर्धास्त राहतो, पण खोलीत कूलर चालू असतो हे विसरतो. कूलरच्या हवेत पावसाळ्याएवढं पाणी असतं. फेविकॉल काडीच्या टोकानं लावा, रात्रभर सोडा. कार्डाच्या चौकटी आणि सुकायला ठेवलेल्या भिंतीही कूलरच्या झोतात ठेवायच्या नाहीत. सकाळी सरळ असलेलं कार्ड संध्याकाळपर्यंत वळतं आणि कूलर बंद झाला की उलट्या बाजूला वळतं.

आता टिनाचं छप्पर. यात सगळ्यात जास्त मजा आहे, आणि बाहेरून विकत घ्यायची काही गरज नाही.

खऱ्या नालीदार टिनाच्या दोन नाल्यांमधलं अंतर साधारण तीन इंच, म्हणजे १:४८ मध्ये १.६ मिमी. हार्डवेअरमध्ये भेटणाऱ्या एम१० च्या आटेवाल्या सळईचे आटे १.५ मिमीच्या अंतरावर असतात. (एचओईवाल्यांनी एम५ घ्यावी, तिचे आटे ०.८ मिमीवर.) पत्र्यासाठी जेवणाच्या पार्सलचे अॅल्युमिनियमचे डबे घ्या. स्वयंपाकाची फॉइल फार पातळ, बोट लागलं की नाल्या सपाट. डब्याचा फक्त सपाट तळ कापायचा, भांड्याच्या साबणानं धुऊन तेलकटपणा काढायचा. खाली काच, काचेवर चिरून सपाट केलेली सायकलची जुनी ट्यूब, तिच्यावर पत्रा. सळईचा एक फूट तुकडा दोन्ही हातांनी दाबून पत्र्यावरून एकदाच लाटायचा. दुसऱ्यांदा लाटला की आटे पहिल्या नाल्यांत बसत नाहीत आणि पत्रा चुरगळतो.

नाल्या सरळ येणार नाहीत. आटे सळईभोवती फिरत चढतात, त्यामुळे रेघा साधारण तीन अंश तिरप्या पडतात. म्हणून आधी लाटायचं, मग नाल्यांना समांतर पट्टी धरून कापायचं. कापून मग लाटणाऱ्याचं सगळं छप्पर एका अंगाला कललेलं दिसतं.

तुकडे १७ मिमी रुंद आणि ५४ मिमी लांब, खऱ्या हिशेबानं ३२ इंच बाय साडेआठ फूट. शेजारचा तुकडा एका नालीवर चढवला की प्रत्येक तुकडा १५ मिमी, म्हणजे बरोबर दहा नाल्या झाकतो. छपराची लांबी दोन्हीकडच्या फूट-फूट वळचणीसह २०३ मिमी, एका उताराला १४ तुकडे, तीन उतारांना ४२. पन्नास करून ठेवा, काही मोडतात. लावताना वाऱ्याच्या उलट बाजूनं सुरुवात करा, म्हणजे खऱ्या छपराप्रमाणे टिनांच्या उघड्या कडा पावसाच्या वाऱ्याकडे येत नाहीत. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून, तेव्हा पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेकडे. एवढं कोण पाहतं? टिनकाम केलेला कोणीही माणूस पाहतो, आणि गावात ते बरेच असतात.

चिकटवायला अॅरल्डाइटचे बारीक ठिपके. रबरवाला सोल्यूशन मेच्या उन्हात मऊ पडतो आणि टिना घसरतात. गंजासाठी गेरूची पूड कोरड्या ब्रशनं, फक्त खिळ्यांच्या ओळीत आणि जोडाखाली. सगळं छप्पर गेरूनं माखू नका.

कवेलूचं छप्पर असेल तर मंगलोरी कवेलू साधारण ४१० × २३५ मिमीचा, मॉडेलमध्ये साडेआठ बाय पाच. कार्डाच्या पट्ट्यांना दर ५ मिमीला खाच देऊन पट्ट्या साडेसहा मिमीवर एकावर एक चढवा. काम कंटाळवाणं आहे, दुसरा उपाय नाही.

डब्यांकडे वळू. ओएन३० चे तयार डबे बहुतेक अमेरिकन नॅरोगेजचे असतात: लाकडी, छपरावर चालायची फळी, टोकाला ब्रेकचं उभं चाक. त्यातली बोगी आणि चौकट ठेवा, वरचं धड १ मिमी पॉलिस्टायरीनचं नवीन करा. २४ फुटांचा मालडबा घेतला तर लांबी १५२ मिमी. छप्पर कमानी, ते ०.५ मिमीच्या दोन थरांचं करा, पहिला थर पीव्हीसी पाइपावर दोऱ्यानं गुंडाळून गरम पाण्यात बुडवा आणि थंड होऊ द्या. उकळतं पाणी नको, पॉलिस्टायरीन शंभर अंशाच्या आसपास मऊ पडून वेडंवाकडं होतं.

जोडायला अॅक्रिलिकवाल्यांकडचं क्लोरोफॉर्म चालतं, पण थेंबभरच, बारीक ब्रशनं सांध्यावर, आणि ओसरीत बसून. बंद खोलीत मुळीच नाही. सिरिंजनं लावायची कल्पना आकर्षक वाटते, पण दट्ट्याचं रबर फुगून अडकतं. रंगाला एनसी थिनरवाला गाडीचा रंग घेऊ नका, तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि काढलेल्या सगळ्या फळ्यांच्या रेघा पुसल्या जातात. अॅक्रिलिक रंग पातळ करून तीन हात.

डबा रुळावरून पडण्याची कारणं दोनच. एक, वजन कमी. एचओचा जुना नियम आहे: आधी २८ ग्रॅम, मग लांबीच्या दर इंचाला १४. सहा इंची डब्याला ११२ ग्रॅम, आणि १६.५ मिमीच्या रुळावर ओएन३० लाही हा हिशेब चालतो. टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगची ५ आणि १० ग्रॅमची चिकटपट्टीवाली वजनं भेटतात, ती डब्याच्या तळाला, बोगीच्या वर लावा. वर छपराला लावलं तर वळणावर कलतो. दोन, दोन्ही बोग्या घट्ट. एका बोगीचा स्क्रू असा आवळा की ती फक्त डावी-उजवी फिरेल, दुसरीचा अर्धा फेरा सैल सोडा म्हणजे ती डुलेलही. तीन पायांचं स्टूल कुठेही टेकतं, चार पायांचं नाही.

जमीन करताना सगळ्यांना आपली काळी मातीच टाकावीशी वाटते. टाका, पण जाड थर नको. ही माती ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगा पडतात, मॉडेलवरही तसंच, आणि १:४८ मध्ये ती भेग विहिरीएवढी दिसते. खाली तपकिरी रंगाचा थर द्या, त्यावर फेविकॉल एक भाग, पाणी तीन भाग, भांड्याच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण, आणि मलमलमधून गाळलेली माती चिमटीनं भुरभुरा. त्याआधी माती तव्यावर भाजा, किडे मरतात. आणि कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून फिरवा. आपली माती आणि गिट्टीची चुरी काळ्या बेसाल्टची, तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण भरपूर असतात. ते इंजिनच्या मोटरीत शिरले की मोटर घरघरते आणि मग बंद पडते. क्रशरची चुरी बॅलास्ट, म्हणजे रुळाखालची गिट्टी म्हणून चांगली, पण तिलाही चुंबक लावल्याशिवाय रुळाजवळ आणू नका. १ मिमीचे कण पुरे, आणि ते थोडेच. फाट्यावरच्या रुळात माती नि गवत जास्त असतं, गिट्टी कमी.

रूळ कोणत्या महिन्यात टाकता यावर फट ठरते. ९१४ मिमीचा निकेल-सिल्व्हर रूळ ३५ अंशांच्या फरकानं अर्धा मिमी वाढतो. डिसेंबरच्या सकाळी दहा अंशांत रूळ टाकला तर प्रत्येक सांध्यात अर्धा मिमी सोडा, लग्नपत्रिकेचा जाड तुकडा मधे धरून. मेमध्ये दुपारी टाकला तर सांधे भिडवले तरी चालतात. खालची प्लाय उन्हाळ्यात कोरडी होऊन आखडते हे वेगळं, तिला दोन्हीकडून आणि कडांना वॉर्निश द्या. टेबलाचे पाय भिंतीपासून लांब ठेवा, वाळवी भिंतीवरूनच येते आणि एमडीएफ तिला फार आवडतं.

काळही एकच धरा. शकुंतलेचं १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं झेडडी वर्गाचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं आणि डिझेल लागलं. मॉडेलवर वाफेचं इंजिन असेल तर इमारतीमागे मोबाइलचा टॉवर नको, छतावर काळी प्लास्टिकची टाकी नको. मालधक्क्यावर कापसाच्या गाठी हव्यात: साधारण साडेतीन फूट लांबीची गाठ २२ मिमीची होते. खोडरबर कापून त्यावर जखमेच्या पट्टीचं जाळीदार कापड फेविकॉलनं गुंडाळा, वर काळ्या दोऱ्याचे आडवे फेरे लोखंडी पट्ट्यांसाठी. कापड ताणून बसवा. सैल राहिलं तर गाठ उशीसारखी दिसते, आणि प्रेसमधून निघालेली गाठ लाकडाएवढी कडक असते.

गाडी १२ व्होल्ट डीसीवर चालते. लाइनचा भरवसा नसेल तिथे फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी, मधे मोटरचा पीडब्ल्यूएम (वीज तुटक-तुटक देऊन वेग बदलणारा) स्पीड कंट्रोलर आणि दिशा बदलायला सहा टोकांचं डीपीडीटी स्विच, एवढ्यावर संध्याकाळभर गाडी फिरते. इंजिनात कोअरलेस, म्हणजे आत लोखंडी गाभा नसलेली मोटर असेल तर स्वस्त पीडब्ल्यूएम तिला तापवतो, तेव्हा आधी इंजिनाच्या कागदावर पाहा. बॅटरीच्या प्लसला लागूनच १ अँपिअरचा फ्यूज लावा. पंपाच्या बॅटरीत रूळ लाल होईल एवढी ताकद असते, आणि डबा रुळावरून उतरून दोन्ही रुळांना चिकटला की शॉर्ट होतोच.